की-बोर्ड बंद पडला तरी लॅपटॉपचे वाय-फाय चालू करता येते

कापड बाजारात आज कोणत्याही पेढीवर जा, खतावणीच्या शेजारी एक लॅपटॉप उघडा दिसतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आले, आणि तेव्हापासून माल गोदामातून निघण्याआधी इंटरनेटवर काम करावे लागते. परराज्यात ५० हजार रुपयांच्या वरचा माल पाठवायचा असो की महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरचा, बिलाशिवाय गाडी काढणे म्हणजे रस्त्यात गाडी आणि माल दोन्ही अडकवून घेणे. शिवाय दरमहा विवरण भरणाऱ्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३-बी भरावे लागते. ३-बीला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर सालाना १८ टक्के व्याज.

अशा वेळी लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यातले वाय-फायचे चिन्ह जाते, तेथे छोटे विमान दिसू लागते, आणि ते विमान घालवण्याचे बटण ज्या की-बोर्डवर आहे तो की-बोर्डच बिघडलेला असतो. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत उभा असतो. माणूस घाबरतो, लॅपटॉप बंद करतो आणि काखेत मारून दुरुस्तीच्या दुकानाकडे धावतो. दुकानदार भला असेल तर ठीक. नाही तर "वायरलेस कार्ड उडाले", "मदरबोर्ड गेला" असे सांगून चार-पाच हजारांचा आकडा तोंडावर टाकतो. माझ्या ओळखीच्या दोघा कारखानदारांना असाच आकडा सांगण्यात आला होता. दोन्ही लॅपटॉपमधील कार्ड शाबूत होते, फक्त वायरलेस बंद होऊन बसले होते. म्हणून हा विषय लिहायला घेतला.

आधी की-बोर्ड का मरतो ते पाहू. आपल्या भिवंडी-मालेगावसारख्या गावांत कारण शोधायला लांब जावे लागत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये हवेत कापसाचे तंतू उडत असतात, ते बटणांच्या फटीतून खाली जाऊन बसतात. त्यात चहाचा एक कप सांडला की काम झाले. बटणांच्या खाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात आणि त्यांवर विजेच्या बारीक रेघा छापलेल्या असतात. या रेघा उभ्या आणि आडव्या असतात, अगदी ताणा-बाणा. प्रत्येक बटण म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या रेघेची गाठभेट. ताण्याचा एक धागा तुटला तर कापडात लांबपर्यंत रेघ उमटते, तसेच येथे एक रेघ साखरेच्या पाण्याने खाल्ली की तिच्यावरची सगळी बटणे एकदम बंद पडतात. ती बटणे डोळ्यांना शेजारी-शेजारी दिसतीलच असे नाही. म्हणून गिऱ्हाईक म्हणते, "चहा डाव्या बाजूला सांडला, मग उजवीकडचे बटण का बंद?"

आता वायरलेसचे बटण. बहुतेक लॅपटॉपमध्ये खालच्या डाव्या कोपऱ्यात 'एफएन' नावाचे बटण असते. ते दाबून धरायचे आणि वरच्या रांगेतील ज्या बटणावर अँटेना किंवा विमान काढलेले आहे ते दाबायचे. एसूसमध्ये बहुधा एफ २, एचपीमध्ये एफ १२, थिंकपॅडमध्ये एफ ८. काही मॉडेलांत 'एफएन' न दाबताही चालते. एचपीच्या कित्येक लॅपटॉपमध्ये त्या बटणात बारीक दिवा असतो. तो नारिंगी झाला की वायरलेस बंद आहे असे समजावे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण याच ठिकाणी पैसे वाया जातात. अनेक जण बाजारातून यूएसबीचा बाहेरचा की-बोर्ड आणतात आणि त्यावर एफ २ दाबत बसतात. काही होत नाही. 'एफएन' हे इतर बटणांसारखे नाही. इतर बटणे विंडोजला कळतात; 'एफएन' मात्र लॅपटॉपच्या आतील एका छोट्या नियंत्रक चिपलाच कळते आणि ती चिप फक्त स्वतःच्या की-बोर्डचे ऐकते. बाहेरच्या की-बोर्डवर असे बटण असले तरी ते त्याच्या स्वतःच्या कामाचे असते. स्क्रीनवर जो की-बोर्ड उघडता येतो त्यावरही 'एफएन' लिहिलेले दिसते, पण ते दाबल्याने आकड्यांच्या जागी एफ १ ते एफ १२ येतात, एवढेच. वायरलेसचे कुलूप त्याने निघत नाही.

गाडी उभी असेल तर आधी दुरुस्तीच्या मागे लागू नये, आधी बिल काढावे. त्यासाठी खिशातला मोबाईल पुरेसा आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडावा, फोनच्या सेटिंगमध्ये 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' उघडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. मिनिटभरात लॅपटॉपला इंटरनेट मिळते आणि यात लॅपटॉपच्या वायरलेसचा काडीचाही संबंध येत नाही. फोन दुकानाच्या वाय-फायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच इंटरनेट वायरीतून पुढे देतात, आपला डेटा खर्च होत नाही. वायर मात्र चांगली असावी. फुटपाथवरच्या काही स्वस्त वायरींतून फक्त वीज जाते, माहिती जात नाही, आणि मग फोनमध्ये टेदरिंगचे बटण दाबताच येत नाही. राऊटर जवळ असेल तर त्याच्यापासून साधी लॅन केबल ओढली तरी भागते. पण हल्लीच्या पातळ लॅपटॉपना ते भोक ठेवलेलेच नसते. कंपन्यांनी जाडी वाचवली, त्रास आपल्याला.

बिल निघाले, गाडी गेली. आता निवांतपणे माऊस हातात घ्यावा. विंडोज १० आणि ११ मध्ये वायरलेस चालू करायला की-बोर्ड लागतच नाही. उजव्या खालच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक केले की छोटी खिडकी उघडते. तीत 'एअरप्लेन मोड' रंगीत दिसत असेल तर त्यावर क्लिक करून तो बंद करावा आणि 'वाय-फाय' चालू करावे. दहापैकी बऱ्याच वेळा काम येथेच संपते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही सोय आतच दिलेली आहे, पण बटणाची सवय लागलेल्या माणसाचे तिकडे लक्षच जात नाही.

त्या खिडकीत वाय-फायचा चौकोनच नसेल तर समजावे की वायरलेस कार्ड विंडोजमध्ये बंद करून ठेवले आहे. तेव्हा 'स्टार्ट' चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबावे, यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' निवडावे, 'नेटवर्क अडॅप्टर्स' उघडावे. तेथे ज्या नावात वाय-फाय किंवा वायरलेस हा शब्द आहे त्याच्यावर खाली तोंड केलेला छोटा बाण असेल तर पुन्हा उजवे बटण दाबून 'इनेबल डिव्हाइस' करावे. नाव यादीत आहे आणि बाणही नाही, तर विंडोजला कार्ड दिसते आहे आणि ते बंदही केलेले नाही. अशा वेळी "कार्ड उडाले" म्हणणाऱ्याला ही यादी दाखवून खुलासा मागावा. पिवळे चिन्ह असेल तर ड्रायव्हरचा दोष असू शकतो. तो ड्रायव्हर मोबाईलच्या त्याच वायरीवरून उतरवून घेता येतो.

पुढची अडचण पासवर्डची. लॅपटॉप उघडतानाच पिन मागतो आणि आकडेच उमटत नाहीत. घाबरू नये. पिन मागणाऱ्या त्याच पडद्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात माणसाच्या आकृतीचे किंवा तुटक वर्तुळाचे चिन्ह असते. अपंग बांधवांच्या सोयीसाठी ते दिलेले आहे. त्यावर क्लिक करून 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड' निवडला की पडद्यावर पूर्ण की-बोर्ड येतो आणि माऊसने एकेक अक्षर दाबता येते. वाय-फायचा पासवर्डही असाच घालावा. राऊटरवर डब्ल्यूपीएसचे बटण असेल आणि विंडोजने ते दाबण्याची सूचना दाखवली, तर बटण दाबल्यावर पासवर्डही लागत नाही. एक जास्तीची गोष्ट आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांसाठी: विंडोजमध्ये उर्दू भाषा जोडून ती निवडली की पडद्यावरच्या की-बोर्डवर उर्दू अक्षरेच दिसतात, कोणते अक्षर कोठे आहे हे पाठ करावे लागत नाही. मराठीचेही तसेच. की-बोर्ड धड असतानाही मी त्याचा उपयोग करतो.

आपल्यापैकी पुष्कळ जण कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप घेतात. त्यात गैर काही नाही, मजबूत माल असतो. पण डेल लॅटिट्यूडच्या ई मालिकेत किंवा थिंकपॅड टी ४१०, टी ४२० अशा मॉडेलांत कडेला एक सरकते बटण असते. त्या काळी विमानात बसताना रेडिओ बंद करण्यासाठी ते दिले जाई. २००३ साली इंटेलचे सेंट्रिनो आले आणि वाय-फाय लॅपटॉपमध्ये सर्रास येऊ लागले, तेव्हापासूनची ही चाल. पिशवीत घालताना ते सरकते आणि वायरलेस मुळातूनच बंद होते. मग विंडोजमध्ये कितीही क्लिक करा, ते उघडत नाही. म्हणून जुना लॅपटॉप असेल तर सगळ्यात आधी चारही कडा बोटाने चाचपून पाहाव्यात.

खरी कठीण गाठ म्हणजे विंडोज ७ चे यंत्र, सरकते बटण नाही, 'एफएन'ने वायरलेस बंद झालेले आणि तेच बटण मेलेले. येथे कंट्रोल पॅनेलमधील 'विंडोज मोबिलिटी सेंटर' उघडून पाहावे. काही कंपन्यांच्या यंत्रात तेथे वायरलेसचा चौकोन असतो. नसेल तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी, चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग सुरू करावा. काही वेळा नियंत्रक चिप त्यामुळे मूळ स्थितीवर येते. बायोसमध्येही वायरलेसची नोंद असते, आणि तेथे जाण्यासाठी मात्र बाहेरचा यूएसबी की-बोर्ड चालतो, कारण तेथे 'एफएन'ची गरज नसते. पण नव्या यंत्रात बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर चालू आहे का ते पाहावे. नाही तर पुढच्या वेळी लॅपटॉप ४८ आकड्यांची किल्ली मागतो आणि ती कागदावर उतरवलेली नसेल तर हिशेब आतच राहतो.

एवढे करूनही जमले नाही तर यूएसबीत बसणारे छोटे वाय-फाय अडॅप्टर घ्यावे. पाचशे रुपयांच्या आसपास मिळते, आतील बंद कार्डाला बगल देते. मात्र विंडोज ७ चा आधार कंपनीने १४ जानेवारी २०२० ला काढून घेतला आहे, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी हा विचार वेगळा करावा.

शेवटी की-बोर्ड बदलायचा झालाच, तर दुकानात देण्याआधी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर काढून पेन ड्राइव्ह घरी ठेवावा. भाव मॉडेलवर ठरतो. ज्यात की-बोर्ड स्क्रूने बसवला आहे त्याचे काम स्वस्तात होते. ज्यात तो वरच्या पत्र्याला प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी चिकटवलेला आहे त्यात पत्र्यासकट बदलावा लागतो किंवा कारागिराला एकेक रिव्हेट सोडवत बसावे लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन-तीन दुकानांत मॉडेल नंबर सांगून भाव विचारावा, मग ठरवावे.

काही वेळा एखादे बटण अडकून बसते आणि पडद्यावर आपोआप अक्षरांची माळ उमटत राहते. तेव्हा बाहेरचा की-बोर्डही कामाचा नसतो. नवा की-बोर्ड येईपर्यंत आतील पट्टीवायर काढून ठेवली की हा उपद्रव थांबतो, आणि बाहेरच्या की-बोर्डवर महिनोन्महिने काम चालवता येते. फक्त कारागिराला आधी विचारावे: चालू करण्याचे बटण त्याच की-बोर्डवर आहे की वेगळे? पुष्कळ नव्या मॉडेलांत ते की-बोर्डमध्येच असते. तसे असेल तर पट्टी काढल्यावर लॅपटॉप सुरूच होणार नाही.