प्लॅटिनमची औषधे : सौम्यता आणि सुरक्षितता

कर्करोगाशी चाललेल्या लढ्यात प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूने बजावलेली कामगिरी हा विज्ञानातील एक विलक्षण योगायोग आहे. १९६५ साली अमेरिकेतील बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जीवाणूंवर विद्युत्प्रवाहाचा काय परिणाम होतो, हे तपासत होते. जीवाणू लांबलचक वाढत, परंतु त्यांचे विभाजन होत नसे. याचे कारण वीज नव्हे, तर प्लॅटिनमच्या विद्युतपट्ट्यांतून निर्माण झालेली संयुगे होती! त्यांतील सिस्प्लॅटिन हे संयुग पेरोने या इटालियन रसायनज्ञाने १८४५ सालीच तयार केले होते. १९७८ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली आणि वृषणाचा पसरलेला कर्करोगही बहुतांशी बरा होऊ लागला.

तथापि, पेशीतील डी.एन.ए.चे धागे जखडून टाकणारे हे औषध आप-पर भाव जाणत नाही. मूत्रपिंडे, मज्जातंतू आणि श्रवणशक्ती यांना त्याची झळ पोचते. अंतःकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. नुकत्याच बोलू लागलेल्या बालकाला उच्च स्वराचे ध्वनी ऐकू येईनासे झाले, तर त्याची भाषा आणि शिक्षण दोन्ही खुंटतात. जीव वाचला, पण कान गेले, हा सौदा आईबापांनी निमूटपणे पत्करावा काय?

यावर सौम्य औषध द्यावे किंवा मात्रा घटवावी, असे कोणीही सुचवील. परंतु प्रश्न इतका सोपा नाही. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये मान्यता पावलेले कार्बोप्लॅटिन मूत्रपिंडांना कमी जाचते. मात्र अस्थिमज्जेवर त्याचा भार पडतो आणि वृषणाच्या कर्करोगात ते सिस्प्लॅटिनहून उणे ठरले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१८ साली प्रसिद्ध केलेली चाचणीही उद्बोधक आहे. डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांपैकी काहींना किरणोपचाराबरोबर दर आठवड्यास अल्प मात्रा, तर काहींना तीन आठवड्यांनी मोठी मात्रा दिली गेली. अल्प मात्रेने त्रास कमी झाला. पण दोन वर्षांनंतर स्थानिक रोगनियंत्रण ७३.१ टक्क्यांऐवजी ५८.५ टक्केच राहिले. अर्थात सौम्य ते सुरक्षितच, असे नव्हे.

म्हणूनच मूळ औषध कायम ठेवून शरीराचे रक्षण करण्याचा मार्ग महत्त्वाचा ठरतो. शिरेवाटे भरपूर क्षारजल देऊन मूत्रपिंडे जपण्याची रीत जुनीच आहे. छायाचित्रकारांच्या अंधारखोलीत 'हायपो' म्हणून परिचित असलेले सोडियम थायोसल्फेट आता कानांच्या रक्षणास आले आहे. यकृताचा कर्करोग झालेल्या बालकांना सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी ते दिले असता श्रवणहानीचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले, असे २०१८ साली सिद्ध झाले. २०२२ साली अमेरिकेने त्याला मान्यता दिली. मात्र ही मान्यता रोग न पसरलेल्या बालकांपुरतीच आहे, कारण पसरलेल्या रोगात हे कवच अर्बुदालाही लाभण्याची भीती असते.

कर्कपेशीत शिरल्यावरच जागृत होणाऱ्या प्लॅटिनम संयुगांवर संशोधन चालू आहे आणि ते चालू राहिलेच पाहिजे. परंतु उद्याच्या निर्दोष औषधाची वाट पाहत आजच्या बालकांचे कान गमावणे क्षम्य नाही. सिस्प्लॅटिन देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात उपचारांपूर्वी व उपचारांदरम्यान श्रवणचाचणी झाली पाहिजे आणि पात्र बालकांना थायोसल्फेट परवडेल अशा दरात मिळाले पाहिजे. ही जबाबदारी शासनाने आणि वैद्यकीय संस्थांनी टाळू नये.