वाळवंटातल्या घराण्याचा बोका

अगं ओवी, वाटी त्याच्या तोंडाला लावून काही होणार नाही. जबरदस्तीनं ओतलंस तर ठसका लागून पाणी भलतीकडे, फुप्फुसात जायचं. टिल्लूचं घराणंच कमी पाणी पिणारं, वाळवंटातलं. बस इथं, सांगतो.

पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या रखरखीत मुलखात वाळूच्या रंगाचं एक रानमांजर राहतं. आपली सगळी घरमांजरं त्याचीच लेकरं. दहा हजार वर्षांपूर्वी तिकडच्या माणसांनी धान्य पिकवून साठवायला सुरुवात केली. धान्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून हे मांजर. त्याला कुणी पकडून आणलं नाही, बरं का; ते आपल्या पायांनी आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. आत एक माणूस आणि त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, आठेक महिन्यांचं मांजर! त्या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच. म्हणजे कुणीतरी ती होडीत घालून नेली असणार.

"पण आबा, वाळवंटात ते पाणी कुठं प्यायचं?"

फारसं प्यायचंच नाही. खायचं! उंदराच्या अंगात शंभरातले सत्तर भाग पाणी असतं. वीस ग्रॅमचा उंदीर मटकावला की चौदा ग्रॅम पाणी पोटात गेलं. दिवसाकाठी असे आठ-दहा उंदीर मिळाले तर ओढ्यावर जायची गरजच काय?

आणि आलेलं पाणी वाया जाऊ द्यायचं नाही, ही त्याच्या मूत्रपिंडाची करामत. मूत्रपिंडात लाखो बारीक नळ्या असतात. प्रत्येक नळी खाली उतरते, वळसा घेते आणि परत वर येते. 1862 साली हेन्ले नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं या वळशाचं वर्णन केलं, म्हणून त्याला हेन्लेचा वळसा म्हणतात. या वळशामुळे मूत्रपिंडाच्या आतल्या भागात क्षार दाटतात आणि नळ्यांतलं पाणी ओढून पुन्हा रक्तात घेता येतं. मांजरात ही व्यवस्था इतकी जबर, की त्याची लघवी आपल्यापेक्षा दुपटीहून जास्त दाट होऊ शकते. 1959 साली शास्त्रज्ञांनी पाहिलं तर मांजरं चक्क समुद्राच्या पाण्यावरही तगली. आपण प्यायलो तर तहान आणखी वाढेल. (टिल्लूवर हा प्रयोग नको हं.)

आता मेख कुठं आहे बघ. तुझ्या त्या पुडीतल्या कोरड्या मांजरखाद्याच्या दाण्यांत शंभरात जेमतेम आठ-दहा भाग पाणी. एका उंदराइतकी ताकद सात-आठ ग्रॅम दाण्यांतून मिळते. त्यातलं पाणी एक ग्रॅमसुद्धा नाही. बाकीचं पिऊन भरून काढावं म्हणशील, तर मांजरांची तहानच मंद. कोरडं खाणारं मांजर जास्त पाणी पितं, पण तूट पुरती भरत नाही. मग लघवी दाट होते आणि तिच्यातले क्षार जमून खडे धरू शकतात. टिल्लूसारख्या पिल्लाच्या वयात हा त्रास क्वचितच, पण खाण्यापिण्याच्या सवयी याच वयात लागतात. त्यातून हा बोका. बोक्याची मूत्रनळी अगदी अरुंद. एखादा बारीक खडाही तिथं अडकतो. पुढंमागं तो त्याच्या रेतीच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसून कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबही पडत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे. एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

घाबरलीस? मग एक गंमत सांगतो. मांजर पाणी पितं कसं? कुत्रा जिभेची पळी करून पाणी उडवतो. मांजर तसं काही करत नाही. जिभेचं टोक मागं वळवून पाण्याला नुसतं टेकवतं आणि झटक्यात वर घेतं. जिभेला चिकटलेलं पाणी बारीक धार होऊन वर उठतं. ते खाली पडायच्या आत मांजर तोंड मिटतं. सेकंदाला जवळजवळ चार वेळा, आणि दर वेळी मिळतात दोनेक थेंब. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या रोमन स्टॉकर यांना न्याहारी करताना आपलं मांजर असं पिताना दिसलं. मग त्यांनी सहकाऱ्यांसोबत वेगवान कॅमेऱ्यानं त्याचं चित्रण केलं, गणित मांडलं आणि 2010 साली ते छापून आलं. वाघ-सिंहही असंच पितात, फक्त संथपणे.

दोन-दोन थेंबांनी कधी पोट भरायचं त्याचं! म्हणून त्याच्या पूर्वजांसारखं त्याला पाणी खायला घालायचं. टिल्लू आहे किलोभराचा. त्याला दिवसाला सगळं मिळून पन्नासेक मिलिलिटर लागतं. ओलं खाणं दिलं तर त्यातला मोठा भाग त्यातूनच जातो. दाणेच द्यायचे तर कोमट पाण्यात भिजवून, पण उन्हाळ्यात तासाभरात ताटली उचल, आंबतं. कोंबडी किंवा मासे शिजवलेलं पाणी त्याला आवडेल, मात्र मीठ घालायच्या आधी काढलेलं. कांदा-लसूण तर मुळीच नको, मांजरांना ते विषारी. गाईचं दूध म्हणजे पाणी नव्हे. त्यानं पुष्कळांना जुलाब होतात.

आणि ही वाटी इथून हलव आधी. जेवणाशेजारी नको, ट्रेजवळ तर नकोच. दोन-तीन पसरट भांडी घरात निरनिराळ्या जागी ठेव, पाणी रोज बदल. मोरीच्या नळाची धार चाटायला गेला तर हुसकावू नकोस. काही मांजरांना वाहतं पाणीच रुचतं.

ट्रेमधल्या रेतीचे ओले गोळे रोज बघायचे. पाणी पोटात चाललं असेल तर ते मोठे होतील, आणि बहुधा जास्तही. हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला दे. नाक धरून केलं तरी चालेल म्हणावं.