कृष्णधवल रस्ता: तोक्यो आणि मुंबई
सार्वजनिक जागेतील माणसांना मुद्दाम उभे न करता त्यांचे वावरणे टिपणे, म्हणजेच रस्त्यावरील छायाचित्रण, या प्रकाराला जपानमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या आणि अवघे तीन अंक निघालेल्या ‘प्रोव्होक’ या नियतकालिकाने विलक्षण धीट वळण दिले. दुसऱ्या अंकापासून त्यात सामील झालेले छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांनी भरड कण, हललेली प्रतिमा आणि ढळलेला फोकस या तोवर दोष मानल्या गेलेल्या गोष्टींनाच अभिव्यक्तीचे साधन केले. येथे कण म्हणजे फिल्म धुतल्यानंतर तिच्यावर उरणारे चांदीचे सूक्ष्म ठिपके, जे अतिसंवेदनशील फिल्मवर अधिक ठळक दिसतात. १९७१ मध्ये मिसावा येथे त्यांनी टिपलेला भटका कुत्रा हे या शैलीचे सर्वांत परिचित उदाहरण आहे, आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील १९७४ च्या प्रदर्शनामुळे जपानी छायाचित्रण पाश्चात्त्य रसिकांपर्यंत पोहोचले.

रसिकांनी या छायाचित्रांशेजारी छायाचित्रकार केतकी शेठ यांचे ‘बॉम्बे मिक्स’ हे २००७ मधील कृष्णधवल पुस्तक अवश्य ठेवून पाहावे, कारण त्यातील मुंबईही रस्त्यावरचीच असली, तरी तिच्यात मोरियामांचा झटका नसून माणसांविषयीची निवांत जवळीक आहे.