दुखणं नसतं तर...

पोर धडपडलं की आपण काय म्हणतो? "काही नाही झालं, मुंगी मेली बघ!" मुलगा जरा मोठा असला, की पुढचं वाक्य ठरलेलंच. "मुलगा असून रडतोस?" आणि मुलगी असली, की तिच्या वाट्याला वेगळी शिकवण. "सोसायला शिक गं, बाईच्या जातीला सोसावंच लागतं." म्हणजे बघा, मुलाला सांगायचं की तुला दुखतच नाही आणि मुलीला सांगायचं की दुखलं तरी बोलू नकोस. दोघांनाही एक गोष्ट सांगायची राहूनच जाते, की बाळा, दुखणं हे कामाचं असतं.

ज्याला दुखतच नाही असा माणूस गोष्टींमध्ये आणि सिनेमांमध्ये मात्र फार लाडका आहे. १९८५ साली अमिताभ बच्चनचा 'मर्द' आला आणि मर्दाला दर्द होत नाही, हे गावागावातल्या पोरांच्या तोंडी बसलं. पुढे तीच ओळ नाव म्हणून घेऊन दिग्दर्शक वासन बाला यांनी 'मर्द को दर्द नहीं होता' हा सिनेमा काढला. सप्टेंबर २०१८ मध्ये तो टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला प्रेक्षक-पसंतीचा पुरस्कारही मिळाला, आणि २१ मार्च २०१९ ला तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्यातला नायक अभिमन्यू दासानी म्हणजे आपल्या भाग्यश्रीचा मुलगा, सांगलीच्या पटवर्धन राजघराण्याचा नातू. नायकाच्या आजोबांच्या भूमिकेत महेश मांजरेकर.

या सिनेमातल्या सूर्याला जन्मापासून वेदना कळत नाही. तान्हा असतानाच सोनसाखळी चोरांच्या हल्ल्यात त्याची आई गेलेली. वडील घाबरून त्याला घरात जपतात. आजोबा मात्र वेगळे. ते नातवाला शिकवतात, की कुणी मारलं तर 'आऊच' म्हणायचं, म्हणजे लोकांना तुझं गुपित कळणार नाही. शरीराला पाणी कमी पडतंय हेसुद्धा त्याला नीट कळत नाही, म्हणून पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी तोंडाशी. हसत-खेळत सांगितलेली गोष्ट आहे, हाणामारीही भरपूर आहे. पण सूर्याच्या शेजारी उभी असलेली सुप्री आठवते का? लहानपणी बापाचा मार खाल्लेली, मोठी झाल्यावर हुकूम गाजवणाऱ्या होणाऱ्या नवऱ्याचं सगळं ऐकून घेणारी. सूर्याला दुखत नाही म्हणून तो ओरडत नाही. सुप्रीला सगळं दुखतं, तरी ती कितीतरी दिवस बोलत नाही. या दोघांमध्ये जास्त धोक्यात कोण, हा प्रश्न सिनेमा संपल्यावरही मनात राहतो.

बाहेरच्या जगातही अशी पात्रं आहेत. स्टीग लार्सन या स्वीडिश लेखकाच्या २००६ च्या कादंबरीत रोनाल्ड निडरमान नावाचा राक्षसासारखा धिप्पाड खलनायक आहे, त्याला वेदना कळत नाही. १९९९ च्या बाँडपटातल्या खलनायकाच्या डोक्यात गोळी अडकलेली आणि त्यामुळे त्याची जाणीव हळूहळू मरत चाललेली. २०२५ साली आलेल्या 'नोव्होकेन' या इंग्रजी सिनेमाचा नायक बँकेत काम करणारा साधा माणूस. चावताना आपलीच जीभ तुटेल या भीतीने तो घट्ट काही खातच नाही, सगळं पातळ करून पितो. लघवीला लागल्याचं कळत नाही म्हणून घड्याळाचा गजर लावतो. या सगळ्यांत खरं बोलणारा हाच नायक म्हणायचा. बाकीच्यांना दुखत नाही म्हणजे ते जास्त ताकदवान, असंच लेखकांनी धरून ठेवलंय.

खऱ्या आयुष्यात चित्र उलटं दिसतं. हा आजार अतिशय दुर्मीळ आहे, पण आहे. २००६ साली शास्त्रज्ञांनी उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याची सुरुवात झाली ती एका मुलापासून. हा मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, दंडात सुरी खुपसून घ्यायचा, निखाऱ्यावरून चालायचा. लोक टाळ्या वाजवायचे. चौदावा वाढदिवस येण्याआधीच घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला. दुखत नाही म्हणजे इजा होत नाही असं थोडंच असतं? पुढे त्याच्या नात्यातली मुलं तपासली तर कुणाच्या ओठांचे, जिभेचे लचके चावून तुटलेले, कुणाची हाडं मोडून तशीच जुळलेली. कारण सापडलं ते एका जनुकात. आपल्या नसांमधून वेदनेचा निरोप पुढे नेणारं एक छोटंसं दार असतं. या मुलांमध्ये ते दार उघडतच नव्हतं. आई आणि बाबा दोघांकडूनही ते बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार होतो. म्हणून जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे अशा आजारांची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची पद्धत आपल्याकडेही आहे, तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आणि एक बाई. स्कॉटलंडच्या जो कॅमेरॉन. पासष्टीत त्यांच्या हातावर शस्त्रक्रिया झाली आणि नंतर त्यांना वेदनाशामक लागेचना. डॉक्टर चक्रावले. २०१९ साली त्यांच्या जनुकांतला वेगळेपणा जगाला कळला. बाळंतपणात त्यांना फारसं दुखलं नव्हतं. हे वाचून आपल्याला क्षणभर हेवा वाटेल! पण पुढचं ऐका. स्वयंपाक करताना हात भाजला की त्यांना ते मांस जळल्याच्या वासावरून कळायचं. खुब्याचा सांधा पार झिजला, तरी पत्ता नाही. आपला हात तव्याला लागला की आपण 'आई गं' म्हणून झटकन मागे घेतो. तो एक झटका आपल्यासाठी केवढं काम करतो, कधी विचार केलाय?

मग हिंजवडीचं काय, असं म्हणाल. आपल्याकडच्या किती घरांतली मुलं-मुली आज हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरीला आहेत. काचेच्या इमारती, रात्रीच्या पाळ्या, हे सगळं आपण ऐकून असतो. पण त्याच हिंजवडीचं आणि शेजारच्या वाकडचं ग्रामदैवत म्हातोबा. चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, म्हातोबाची यात्रा भरते आणि बगाड निघतं. मानाच्या गळकऱ्याच्या पाठीत गळ टोचतात, त्याला बगाडावर चढवतात आणि 'म्हातोबाच्या नावानं चांगभलं' म्हणत मिरवणूक हिंजवडीहून वाकडकडे जाते. पाहणाऱ्याला वाटतं, याला दुखत कसं नाही?

गळकऱ्याच्या नसा तुमच्या-माझ्यासारख्याच. आदल्या दिवशी काटा टोचला असता तर तोही 'अगं आई' म्हणाला असता. म्हणजे तो सूर्यासारखा नाही. गळ टोचून मिरवण्याच्या प्रथेविषयी पुण्याचे थोर अभ्यासक दा. ध. कोसंबी यांचा लेख १९६७ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात आला होता. वेदनेचा अभ्यास करणारे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी आपल्या पुस्तकात त्याचा दाखला दिला. याच दोघांनी १९६५ साली मांडलं होतं, की वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत सरळ जात नाही, वाटेत एक फाटक असतं. मन, श्रद्धा, भीती, माणसांची सोबत, या सगळ्यांनी ते फाटक कमी-जास्त उघडतं. बाळंतिणीच्या उशाशी आई बसली की कळा थोड्या सोसवतात, ते काही उगीच नाही.

कर्णाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली. परशुराम मांडीवर डोकं ठेवून झोपलेले, भुंग्याने मांडी पोखरली, रक्त वाहिलं, पण कर्ण हलला नाही. त्याला दुखत होतं. म्हणून तर त्या सोसण्याला मोल. पण मैत्रिणींनो, त्या सोसण्याचं फळ काय मिळालं? शाप! आपण कर्णाचं सोसणं तेवढं लक्षात ठेवतो आणि शाप विसरतो.

आपल्या महाराष्ट्राला न दुखण्याचं दुःख चांगलं माहीत आहे. कुष्ठरोगात बोटं झडतात असं पूर्वी लोक समजायचे. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, तेव्हा या रोग्यांना गावं हाकलून देत होती. डॉ. पॉल ब्रँड हे तामिळनाडूच्या डोंगरात जन्मलेले इंग्रज शल्यविशारद. १९४६ साली ते वेल्लोरला आले आणि त्यांनी दाखवून दिलं, की बोटं आपोआप झडत नाहीत. नसा बधिर झाल्यामुळे चटका कळत नाही, जखम कळत नाही, आणि त्याच हाताने काम करत राहिल्याने बोटं जातात. काहींची बोटं तर रात्री झोपेत उंदीर कुरतडत. दुखत नसल्याने जागच यायची नाही! मग घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर डॉक्टर एक मांजर देऊ लागले. औषधाच्या यादीत मांजर!

पुढे अमेरिकेत ब्रँड यांनी बधिर हातांसाठी इशारा देणारा हातमोजा बनवून पाहिला. आधी आवाज, मग दिवा, शेवटी विजेचा झटका. पण घाईचं काम आलं की रोगी तो झटका बंद करून टाकायचे. बटण हातात असलं की कुणीही बंदच करणार. आपल्या दुखण्याला बटण नाही, हे आपलं नशीबच म्हणायचं.

आता घरातलं. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे टोचलेलं, गरम-गार कळत नसेल, तर लाजू नका. सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाचं औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घेतलं की रोग बरा होतो. लवकर गेलं की हात-पाय वाचतात.

आणि मधुमेह. घरोघरी आहे. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायांची जाणीव हळूहळू जाते. देवळात तापलेल्या फरशीवर अनवाणी फिरतो, चप्पल निसटते तरी कळत नाही, खडा टोचतो तरी कळत नाही. जखम चिघळते आणि मग पाय कापायची वेळ येते. म्हणून मधुमेह असेल तर रोज रात्री पाय तपासायचे, तळवे दिसत नसतील तर खाली आरसा धरायचा किंवा सुनेला, नातवंडाला बघायला सांगायचं. गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही. आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं. अनवाणी चालायचं नाही, अगदी घरातसुद्धा.

मधुमेही बाईला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. बायकांना छातीत दुखतंच, पण त्याबरोबर किंवा त्याऐवजी जबडा, पाठ, खांदा दुखणं, दम लागणं, मळमळणं, घाम फुटणं, एकाएकी गळून जाणं असंही होतं. 'पित्त झालं असेल' म्हणून लिंबू-सोडा पिऊन झोपायचं नाही. अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी घरच्यांना उठवायचं.

दुखण्याच्या गोळ्या रोज उठून खाणंही तसंच. कंबर दुखते, गोळी. डोकं दुखतं, गोळी. ब्रँडच्या रोग्यांनी झटका बंद केला, तसंच हे. पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात, आणि मूळ दुखणं आत वाढत राहतं. शहरात संगणकापुढे बसणाऱ्या लेकीलाही फोनवर हे सांगा.

दुखण्याच्या नव्या औषधांसाठी शास्त्रज्ञ अशाच न दुखणाऱ्या माणसांकडून शिकत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत नसांमधलं असंच एक दार बंद करणारं नवं औषध मंजूर झालं, आणि ते अफूच्या जातीचं नाही. चांगलीच गोष्ट आहे. पण औषध घ्यायला आधी 'दुखतंय' हे कुणाला तरी सांगावं लागतं. आपल्याकडे अडतं तिथेच. सासूबाई सांगत नाहीत कारण सुनेला त्रास नको. सून सांगत नाही कारण कामचुकार म्हणतील. आई सांगत नाही कारण मुलाची सुट्टी वाया जाईल.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. तुमचं जे दुखणं तुम्ही महिनाभराहून जास्त अंगावर काढताय, ते घरात एकाला तरी स्पष्ट सांगा आणि डॉक्टरांकडे जायचा दिवस ठरवा. आणि घरातल्या दुसऱ्या बाईला, मग ती सासू असो, जाऊ असो की भांड्याला येणाऱ्या मावशी असोत, विचारा, "तुमचं कुठं दुखतंय का हो?" पहिल्यांदा विचारलंत की त्या "काही नाही" म्हणतील. थोडं थांबून पुन्हा विचारा.