ग्रामसभेत अंगणवाडीचा विषय कोण काढणार?

तोरणमाळ म्हटलं की आपल्या फोनमध्ये काय निघतं? यशवंत तलाव, सीताखाई, सातपायरी घाटातली वळणं आणि धुक्यातला एखादा सेल्फी. पण याच पठारावरून खाली उतरत गेलं की झापी, फलाई, सिंदीदिगरसारखी गावं लागतात. इथं गाव म्हणजे एकाला एक लागून घरं नाहीत. जिथं शेत तिथं घर; मध्ये टेकडी, मध्ये नाला. तीन वर्षांच्या पोराला अंगणवाडीत न्यायचं तर कुणीतरी कडेवर घेऊन जायला हवं. आई-वडील शेतात किंवा मजुरीला. मग हे 'कुणीतरी' म्हणजे अनेकदा आठ-नऊ वर्षांची ताई असते. अंगणवाडी लांब असली किंवा नीट चालली नाही, तर धाकट्याचा आहार बुडतो आणि ताईची शाळाही.

हे कोडं नवं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि मूल येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची, असं ठरवलं. पुढे कोसबाडला अनुताई वाघांसोबत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. ताईने धाकट्याला सोबत आणायचं, त्याला पाळणाघरात ठेवायचं आणि स्वतः वर्गात बसायचं. इतकी साधी गोष्ट! सरकारची एकात्मिक बालविकास योजना यायला त्यानंतर 1975 साल उजाडलं.

आज आदिवासी आणि डोंगरी भागात 300 ते 800 लोकसंख्येला एक अंगणवाडी आणि 150 ते 300 ला मिनी अंगणवाडी, असा निकष आहे. कागदावर ठीकच. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक बालकं कमी वजनाची निघाली. म्हणजे अंगणवाडी 'आहे' एवढ्यावर भागत नाही. ती रोज उघडते का, तिथं पाणी आहे का, छत गळतं का, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे.

आणि इथंच पैशाची गोष्ट येते. आपल्याला वाटतं, अंगणवाडीची डागडुजी म्हणजे वरून कुणीतरी मंजूर करायची. तसं पूर्ण खरं नाही. अक्राणी तालुका पेसा कायद्याखाली येतो. 2015 मध्ये राज्य सरकारने आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचा निर्णय घेतला. तो कशावर खर्च करायचा याचा आराखडा ग्रामसभेने करायचा. पायाभूत सुविधा, आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हे सगळं त्यात बसतं. म्हणजे अंगणवाडीची पाण्याची टाकी बसते, कुंपण बसतं, स्वयंपाकाची भांडीही मागता येतात. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. (पाड्यांच्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न ते किती, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. बरोबर आहे.)

नवी इमारत मात्र एवढ्यात होत नाही. त्यासाठी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 12 लाखांचं गणित होतं: 8 लाख रोजगार हमीतून, 2 लाख वित्त आयोगातून, 2 लाख महिला व बालविकासकडून. तीन खिशांतून पैसे गोळा करायचे तर वेळ लागणारच. म्हणून मला वाटतं, इमारतीची वाट बघत टाकीसुद्धा न मागणं हा सगळ्यात महागडा पर्याय आहे.

पेसा निधीतही एक खोच आहे. तो लोकसंख्येवर वाटला जातो. चढ, नाला, पायवाट यांचा हिशोब त्यात नाही. त्यामुळे ज्या पाड्याला सिमेंटची गोणी पोहोचवायलाच जास्त खर्च येतो, त्याच्याच वाट्याला कमी पैसे येतात. त्यात ग्रामसभा भरते मोठ्या गावात. दूरच्या पाड्यावरची बाई दिवसाची मजुरी सोडून, लेकरू घेऊन तिथं कशी येणार? यावर नियमांत दोन वाटा आहेत. एक म्हणजे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. दुसरी, पाड्यातले निम्म्याहून अधिक मतदार ठराव करून पाड्याला पेसाखाली स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागू शकतात. मग ग्रामसभा पाड्यातच.

आता आपलं काम. ग्रामसभेत बसायला वय लागतं 18 आणि मतदार यादीत नाव. आपल्यातल्या बहुतेकांचं ते झालेलं असतं. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात आणि 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी या ठरलेल्या तारखा. शहादा, नंदुरबार, नाशिकला शिकणारी पोरं यातल्या एखाद्या तरी तारखेला घरी असतातच. जायच्या आधी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा उघडून बघा. तिथं रेंज मिळत नसेल, तर शहरातच बघून घ्या. मग सेविकेला विचारा, काय काय हवंय. तिची यादी बहुतेक लांबलचक नसते. पावसाळ्यात कोरडं राहणारं छत, पाणी, दाराला कडी. आणि जमलं तर भिंतीवर पावरी गाणी रंगवायची मागणी घाला. तीन वर्षांच्या पोराला अजून मराठी कुठं कळते?

ठराव तोंडी सोडू नका. इतिवृत्तात लिहिला गेलाय का ते तिथंच वाचून घ्या आणि निघताना प्रत मागा.