वाटलेली मेमरी (भाग ६) : काम डेटाच्या घरी

गेल्या आठवड्यात आपण तीन सर्व्हरची मेमरी एकत्र करून एक मोठा मॅप उभा केला. आता प्रश्न असा, की एखाद्या ग्राहकाची नोंद त्या तिघांपैकी कुठे आहे हे ठरवायचं कसं?

पहिल्यांदा सुचतं ते असं : कीचा हॅश काढा, सर्व्हरच्या संख्येने भागा, बाकी उरेल तो सर्व्हर. तीन आहेत तोवर ठीक. चौथा आला की भाजक बदलतो आणि दर चार नोंदींमधल्या तिघींना बिऱ्हाड हलवावं लागतं. ताण वाढला म्हणून सर्व्हर आणला, आणि नेमकं त्याच वेळी नेटवर्क सामानाच्या वाहतुकीत अडकलं!

हेझलकास्ट या वाटलेल्या मेमरीच्या प्रणालीने भाजकच पक्का केला. मुळातच २७१ पार्टिशन, म्हणजे नोंदींचे कप्पे. कोणती की कोणत्या पार्टिशनमध्ये, हे सर्व्हर कितीही झाले तरी बदलत नाही. (ओरॅकलच्या कोहिअरन्समध्ये हाच आकडा मुळात २५७ असतो. दोन्ही मूळ संख्या आहेत.) तीन सर्व्हर असताना प्रत्येकाकडे साधारण नव्वद पार्टिशन. चौथा आला की तिघेही थोडी थोडी देतात, त्याच्याकडे सदुसष्ट-अडुसष्ट जातात, बाकीची जागची हलत नाहीत. पार्टिशनचा तक्ता प्रत्येक सर्व्हरपाशी, म्हणजेच नोडपाशी, असतो, त्यामुळे कोणाला विचारत फिरावं लागत नाही.

इथवर साठवणूक झाली. मला या रचनेचं खरं मोल वाटतं ते पुढे.

खात्यात ५०० रुपये आहेत, १०० जमा करायचे आहेत. सवयीने आपण नोंद मागवतो, बेरीज करतो, परत पाठवतो. नेटवर्कवरून दोन फेऱ्या. त्यात दोन नोडनी एकाच वेळी ५०० वाचले, तर दोघेही ६०० लिहितात आणि कुणाचे तरी शंभर रुपये गेले. लॉक लावला तर फेऱ्या आणखी वाढतात. त्यापेक्षा धान्याचं पोतं गिरणीपर्यंत वाहण्याऐवजी जातंच पोत्यापाशी न्यावं. एंट्री प्रोसेसर हेच करतो : बेरजेचा कोड नोंद असलेल्या नोडवर जाऊन चालतो. एका पार्टिशनचं काम एकच थ्रेड पाहतो, म्हणून दुसरी जमा आपोआप रांगेत थांबते. लॉक नाही, हरवलेले शंभर नाहीत.

पण त्या थ्रेडकडे इतर पार्टिशनही असतात. मी एकदा अशा प्रोसेसरच्या आत बाहेरच्या सेवेला कॉल केला होता. ती सेवा मंदावली आणि तिच्याशी काही संबंध नसलेली खाती ताटकळली. तेव्हापासून प्रोसेसरमध्ये मी फक्त हिशेब ठेवतो. घड्याळ किंवा यादृच्छिक आकडाही आत वापरू नका. तोच कोड बॅकअप प्रतीवरही चालतो आणि दोन प्रतींत दोन उत्तरं बसतात.

ग्राहक आणि त्याच्या ऑर्डरी यांचा एकत्र हिशेब हवा असेल तर दोन्ही एकाच पार्टिशनमध्ये पडायला हव्यात. त्यासाठी ऑर्डरच्या कीला पार्टिशनअवेअर करून तिच्याकडून ग्राहक क्रमांक परत करायचा. हे आराखड्यातच ठरवा. लाखो नोंदी भरून झाल्यावर की बदलणं म्हणजे सगळा मॅप नव्याने भरणं.

एखादा नोड मध्येच बंद पडला, तर त्याची पार्टिशन कोण उचलतं, ते पुढच्या भागात.