दुखणं छातीत, धागेदोरे पोटरीत

1940 च्या हिवाळ्याच्या तोंडावर लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडत होते आणि माणसं निवाऱ्यांत बसून रात्री काढत होती. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. कीथ सिम्प्सन यांना तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. अंगावर ओरखडाही नसलेली माणसं अचानक कोसळून मरत होती, फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकून. असे मृत्यू आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे सहापट झाले होते. यातली बरीच माणसं रात्रभर कापडी आरामखुर्चीत बसलेली. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीखालच्या शिरा दाबून धरत होती.

मांडीत दाब आणि मरण छातीत, हे कसं? पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत धरलेली गुठळी सुटली की वर निघते. हृदयाकडे जाणाऱ्या शिरा पुढे पुढे रुंदच होत जातात, त्यामुळे तिला वाटेत कुठे अडसरच नाही. ती हृदयाच्या उजव्या कप्प्यांतूनही सहज पार होते. वाट पहिल्यांदा अरुंद होते ती फुप्फुसात, आणि तिथे ती अडकते. गुठळी मूळची फुप्फुसातली नसून दुसरीकडून वाहत येते, हे बर्लिनच्या रुडॉल्फ फिरशोनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं. याच आजाराला डॉक्टर पल्मोनरी एम्बॉलिझम म्हणतात.

तो ओळखणं मात्र महाकठीण, कारण त्याचं स्वतःचं असं एकही लक्षण नाही. दम लागतो, श्वास घेताना छातीत कळ येते, नाडी धावते, कधी थुंकीतून रक्त पडतं, कधी नुसतीच चक्कर येते. हेच सगळं न्यूमोनियात, हार्ट अटॅकमध्ये, अगदी घाबरलेल्या माणसातही दिसतं. म्हणून शहाणा डॉक्टर छातीइतकाच गेल्या महिन्याचा इतिहासही तपासतो. ऑपरेशन झालं? प्लॅस्टर होतं? बाळंतपण? कॅन्सर? गर्भनिरोधक गोळ्या? पूर्वी कधी गुठळी झाली होती? मग तो पाय बघतो. एकच पोटरी सुजली असेल तर संशय बळावतो. हा पाय बहुधा डावा असतो, कारण ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून उजव्या पायाची धमनी जाते आणि तिला दाबते.

कॅनडातल्या फिलिप वेल्स यांनी या चौकशीला गुण दिले. नाडी शंभरावर असेल तर दीड, थुंकीत रक्त असेल तर एक, पायात गुठळीच्या खुणा असतील तर तीन. मला सगळ्यात आवडतो तो आणखी एक निकष: ‘दुसरा कुठलाही आजार याहून जास्त शक्य वाटत नाही.’ त्यालाही तीन! थेट डॉक्टरच्या अनुभवालाच दिलेले गुण.

बेरीज चार किंवा त्याहून कमी आली तर डी-डायमर ही रक्ततपासणी करतात. गुठळी विरघळताना उरणारे तुकडे तिच्यात मोजले जातात. आकडा 500 च्या आत आला तर गुठळी नाही असं धरून सीटी स्कॅन टाळता येतो. वर गेला तर त्यातून फारसं काहीच सिद्ध होत नाही, कारण गरोदरपण, ताप, मार अशा कशानंही तो वाढतो. वयानंही वाढतो. म्हणून पन्नाशीनंतर एक सोपा हिशेब लावतात: वय गुणिले दहा. 78 वर्षांच्या आजींना 780 पर्यंत सूट.